फेंडरचा आठवा बोल्ट

सिल्वासात किलवणी नाक्याच्या थोडं अलीकडे पत्र्याची एक शेड आहे. शेडला पाटी नाही. तरी ज्याची गाडी ठोकली जाते, तो विचारत विचारत तिथेच येतो. सुकदेव डेंटर कुठे बसतो असं विचारलं की पानवाला तोंडातला तोबरा सांभाळत नुसतं बोट दाखवतो.

सुकदेव मूळचा शिरपूरकडचा. तिसेक वर्षांपूर्वी इथे पत्र्याची पिंपं करणाऱ्या एका कारखान्यात लागला. पुढे कारखाना बंद पडला, पण पत्रा काही सुकदेवच्या हातातून सुटला नाही. आता साठीला टेकलाय. अंगाने किरकोळ आणि बोलायला त्याहून किरकोळ. पण त्याच्या उजव्या हाताबद्दल गावात बोललं जायचं. पोचा आलेला पत्रा ठोकून सरळ केला की तो डोळे मिटायचा आणि पत्र्यावरून तळवा फिरवायचा. केसाएवढा उंचवटा असला तरी तळवा तिथे थांबायचा. मग हातोडीची एक टिचकी. पुन्हा तळवा. डोळ्याला भूल पडते, तळव्याला पडत नाही, असं तो म्हणायचा. त्याने सांगितलेली अक्कल म्हणावी अशी ही एकच गोष्ट.

शेजारच्या शेडमध्ये गोकुळ पेंटर. तो दादऱ्याचा. त्याची मराठी गुजरातीच्या कडेकडेने चालते. डेंटरने काम कसं केलंय ते गिऱ्हाइकाला कळत नाही, पेंटरला कळतं. पत्रा जिथे खोलगट राहतो तिथे पेंटरला पुट्टी भरावी लागते. सुकदेवच्या कामावर गोकुळ नखभर पुट्टी लावायचा. वीस वर्षं हेच चाललं होतं.

गेल्या दिवाळीपासून पुट्टी वाढली होती.

गोकुळने दोनदा बोलून दाखवलं. "सुकदेवभाई, आजकाल तुमच्या गाड्या पुट्टी बहु खातात."

"उन्हाने पत्रा ताणतो," सुकदेव म्हणाला.

"दिवाळीत ऊन?" गोकुळ हसला आणि आपल्या कामाला लागला. पुन्हा त्याने विषय काढला नाही. त्याने काढला असता तर बरं झालं असतं, असं सुकदेवला नंतर कधीकधी वाटायचं.

खरं कारण सुकदेवला ठाऊक होतं. त्याची बोटं बधिर होत चालली होती. आधी शेंडे गेले. बोटांना कुणी टोपणं घालून ठेवल्यासारखं वाटायचं. मग बधिरपणा पेरापेराने खाली उतरला आणि तळव्याच्या मध्यापर्यंत आला. डावा हात थोडा मागे होता, पण वाट तीच धरून. दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, साखर आहे. गोळ्यांनी आटोक्यात राहील. बोटांतली जाण परत येईलच, असं मात्र सांगता येत नाही.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "साखर निघाली. गोळ्या दिल्यात."

डॉक्टरांचं शेवटचं वाक्य त्याने सांगितलं नाही. ते त्याने त्या दिवसापासून कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्या हातावर आपलं नाव चालतं तो हात गेला हे कळलं की नाव किती दिवस टिकेल, याचा हिशेब त्याला पक्का होता. एक आठवडा.

त्याने एक वाट काढली. पोचा घेऊन कुणी आला की तो म्हणायचा, "नवाच टाका." नवा फेंडर दुकानातून रंगवायला तयार मिळतो. जुना काढायचा, नवा बसवायचा. त्याला पाना लागतो, तळवा लागत नाही. गिऱ्हाइकंही खूश. नवं ते नवं. झाकली मूठ तशीच झाकलेली राहिली. सहा महिने राहिली.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या शनिवारी सकाळी नलिनीबाई आपली पांढरी छोटी गाडी घेऊन आल्या.

नलिनीबाई कोकणातल्या. सिल्वासाच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आणि इथेच राहिल्या. सुकदेवची मुलगी मनीषा त्यांच्या हाताखालून गेली. आज ती नाशिकला नर्स आहे, ते बाईंमुळे, असं सुकदेवच्या घरात मानलं जातं. त्यामुळे बाई आल्या की सुकदेव हातातलं काम ठेवून उभा राहतो.

गाडीचा डावा पुढचा फेंडर, म्हणजे चाकावरचा तो वळणदार पत्रा, बऱ्यापैकी आत गेला होता.

"काय झालं, बाई?"

"आमच्याच सोसायटीचं गेट. कुणाला सांगू नका. तीस वर्षं मुलांना 'समोर बघा' सांगत आले मी."

सुकदेव वाकला. पोचा ओंजळीएवढा होता. कडेला एक दुमड. अवघड नव्हतं. वर्षापूर्वी त्याने हसत केलं असतं.

"नवाच टाकू, बाई. सोमवारी आणतो."

"नवा कशाला? पत्रा फाटलाय का?"

"फाटला नाही. पण…"

"मग नको. बाजारात मिळतात ते कागदासारखे असतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. मागच्या वेळी मागचं दार तुम्ही ठोकून दिलंत, ते आजही ओळखू येत नाही. तसंच करा." बाईंनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. "बुधवारी अक्षय्य तृतीयेला भाचीची वास्तुशांत आहे डहाणूला. मंगळवारी संध्याकाळी नेते."

किल्ली तळव्यावर होती. ती थंड आहे की गरम, ते त्याला कळलं नाही.

"बरं, बाई," तो म्हणाला.

गाडीचा फेंडर काढणं हे तसं शांत काम आहे. त्यात ठोकाठोकी नाही. सुकदेवला ते काम मनापासून आवडतं. पुठ्ठ्याच्या खोक्याचं एक झाकण घ्यायचं. त्यावर पेन्सिलने फेंडरचा आकार काढायचा. जो बोल्ट जिथून निघेल, तो पुठ्ठ्यावर त्याच जागी खुपसायचा. दुसरे डेंटर सगळे बोल्ट एका डब्यात टाकतात आणि बसवताना हाताला येईल तो लावतात. सुकदेवचं म्हणणं, बोल्ट आपल्या घरी गेला पाहिजे. इतकी वर्षं एका भोकात राहिला की त्याचे आटे त्या भोकाच्या सवयीचे होतात.

त्याने गाडी जॅकवर घेतली. चाक काढलं. चाकावरचं काळं प्लास्टिकचं अस्तर क्लिपा उचकटून सोडवलं. पुढच्या बंपरचं टोक सैल केलं. फेंडरवरच्या लहान दिव्याची वायर आतून काढून बाजूला घेतली. मग बॉनेट उघडलं आणि दहा नंबरचा पाना घेतला.

बॉनेटखाली ओळीने चार बोल्ट. पुठ्ठ्यावर चार. हेडलाइटखाली एक. पाच. चाकामागे अगदी तळाशी एक, चिखलाने गच्च झालेला. सहा. दार उघडून, बिजागरीच्या खालच्या अंगाला एक. सात.

आठवा बोल्ट वरच्या बिजागरीमागे असतो. या गाडीत तो डोळ्याला दिसतच नाही. फटीतून पाना घालायचा, अंदाजाने बसवायचा, फिरवायचा आणि शेवटी बोट आत घालून भोक रिकामं झालं का ते बघायचं. सुकदेवने असे शेकडो बोल्ट काढले होते.

त्याने पाना फिरवला. पाना सैल फिरू लागला. खाली कुठेतरी 'टिक' असं वाजलं. बोल्ट आत पडला असणार, नंतर काढू, असं त्याच्या मनात आलं. सवयीने त्याने बोट फटीत घातलं.

बोट काही बोललं नाही. न बोलणं म्हणजे भोक रिकामं, असं त्याने धरलं.

त्याने दोन्ही हातांनी फेंडर धरला आणि बाहेर ओढला. तो आला नाही. थोडा जोर लावला. कर्र असा आवाज झाला आणि फेंडरचा वरचा मागचा कोपरा, जो आतापर्यंत चांगला होता, पापडाच्या कडेसारखा मुडपला.

सुकदेव थांबला. त्याने मोबाइलचा दिवा लावून फटीत पाहिलं. आठवा बोल्ट जागेवर होता. अर्धा सुटलेला. पाना नुसता त्याच्या डोक्यावरून घसरत होता. आणि खाली जमिनीवर पडली होती ती अस्तराची प्लास्टिकची क्लिप.

गोकुळ आवाज ऐकून आला. "शू थयू?"

गोकुळने कोपरा पाहिला. मग सुकदेवकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर एक कोटी आली होती, ती त्याने गिळली. एरवी गोकुळ कोटी गिळणाऱ्यातला नाही.

"चाय पिऊ या, सुकदेवभाई," तो म्हणाला.

"नको. काम आहे."

गोकुळ गेल्यावर सुकदेवने मुडपल्याने रुंदावलेल्या फटीतून आठवा बोल्ट दिव्याच्या उजेडात, चिमट्याने धरून काढला. पुठ्ठ्यावर खुपसला. मग फेंडर दोन्ही हातांत घेऊन तो शेडच्या मागच्या दाराने घरी गेला.

घर म्हणजे शेडच्या पाठीला लागून दोन खोल्या आणि एक अंगण. अंगणात चिमाबाईची चूल. चिमाबाई म्हणजे सुकदेवची बायको. अखाजीच्या आठवड्यात या चुलीला उसंत नसते. सिल्वासाच्या कारखान्यांत खानदेशातली माणसं ढिगाने आहेत. वर्षभर ती मिळेल ते खातात, पण अखाजीला त्यांना आमरस आणि मांडे लागतात. मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी. भाड्याच्या खोलीत, गॅसच्या शेगडीवर ती होत नाही. तिला पालथं मातीचं खापर लागतं, जाळ लागतो आणि हात लागतो. अखाजीच्या दिवशी सगळ्यांनाच सुट्टी नसते, म्हणून आधीच्या रविवारी सर्वांत जास्त मागणी. त्या रविवारी चिमाबाईकडे सतरा घरांचे मांडे होते.

रविवारी सकाळी अंगणाच्या एका अंगाला चिमाबाई आणि तिचं खापर, दुसऱ्या अंगाला सुकदेव आणि त्याचा फेंडर. त्याने दोन पोती घालून त्यावर फेंडर पालथा ठेवला. डाव्या हातात आतून टेकवायचा लोखंडी ठोकळा, उजव्यात हातोडी. पोचा बाहेर यायला वेळ लागला नाही. दुमड उलगडली. स्वतः केलेला कोपराही जागेवर आला. दहा वाजेपर्यंत फेंडर लांबून फेंडरसारखा दिसू लागला होता.

खरं काम तिथून पुढे सुरू होतं. जिथे हातोडी पडली तिथे बारीक चढउतार राहतात. ते डोळ्याला दिसत नाहीत. रंग चढला की दिसतात आणि मग सगळ्या गावाला दिसतात.

त्याने डोळे मिटले आणि तळवा फिरवला. काहीच नाही. डावा फिरवला. कुठेतरी काहीतरी असल्यासारखं वाटलं, पण कुठे ते कळेना. रॉकेलचं फडकं फिरवून त्याने पत्रा ओला केला आणि उजेडात तिरका धरला. चकाकी इकडून तिकडे पळाली. दोन ठिकाणी त्याला उंचवटा वाटला. त्याने ठोकलं. पुन्हा पाहिलं. आता तिसरीकडे वाटला. तिथे ठोकलं. अशाने पत्रा ताणतो हे तो तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आला होता.

मग त्याने हातोडी पोत्यावर ठेवली आणि नुसता बसून राहिला.

चिमाबाई समोर मांडा लांबवत होती. दोन्ही हातांवर घेतलेली पुरण भरलेली पोळी ती या हातावरून त्या हातावर टाकत होती आणि पोळी दर फेकीला पसरत पार कोपरापर्यंत लोंबत होती. आरपार दिसेल इतकी पातळ, पण फाटत नव्हती. मध्येच ती थांबली. अंगठा आणि बोट यांत काहीतरी धरलं. पोळीतून डाळीची एक न वाटली गेलेली कणी अलगद काढून तिने चुलीत टाकली. एवढ्या पोळीत ती एवढीशी कणी तिला कशी सापडली, हे सुकदेवने पस्तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आजही विचारलं नाही. पण तो बघत राहिला.

मांडा खापरावर पडला. चिमाबाईने त्याच्याकडे पाहिलं. घरात तिच्या बोलण्यात अहिराणी येते.

"काय व्हयनं?"

"काही नाही."

"सकाळधरी काही नाही, काही नाही." तिने हाताला कोरडं पीठ चोळलं, पदर खोचला आणि उठून आली. "इकडे आणा."

"पत्रा आहे तो, चिमा. पुरण नाही."

"माले काय दिसत नही का?"

ती उकिडवी बसली आणि तिने फेंडरवरून हात फिरवला. पिठाचा हात पत्र्यावर सरसर घसरला. वरून खाली. पुन्हा वरून खाली. मग थांबला. तिने एका जागी बोट टेकलं.

"आठे कनी शे." इथे कणी आहे.

सुकदेवने त्या जागी पाहिलं. त्याला काही दिसलं नाही. त्याने हातोडीची टिचकी मारली. ती पुन्हा हात फिरवून म्हणाली, "गई." गेली. बोट वीतभर सरकलं. "आठे बी शे. हाई मोठी शे."

तो ठोकत गेला. ती सांगत गेली. मध्ये एकदा ती उठली, खापरावरचा मांडा उतरवला, दुसरा टाकला, पुन्हा येऊन बसली. एके ठिकाणी तो म्हणाला, "इथे काही नसेल." ती म्हणाली, "तुम्ही ठोका." त्याने ठोकलं. तिने हात फिरवला आणि मान डोलावली.

काम अर्ध्यावर आलं तेव्हा सुकदेव खाली बघूनच म्हणाला, "डॉक्टर म्हणाले होते, बोटांत जाण परत येईल असं नाही."

"माहीत शे."

"तुला कुणी सांगितलं?"

"होळीले तुम्ही तव्यावरून भाकर बोटांनी उचलली." चिमाबाईने हाताचं पीठ झटकलं. "उचलली, ताटात ठेवली आणि खायला लागले. दरवर्षी चटका बसला की त्याच भाकरीला शिव्या देता. यंदा नाही दिल्या. तव्हाच समजनं."

"बोलली का नाहीस मग?"

"तुम्ही बोलायची वाट पाहत होते. चार दिवस पाहीन म्हटलं. दीड महिना झाला." ती उठली. खापरावरचा मांडा करपायला आला होता. "आता हाऊ जर जळला ना, तर गिऱ्हाइकाच्या घरी तुमच्या हाताने नेऊन द्यायचा."

तो मांडा खरंच एका बाजूने लागला. तो दुपारी त्या दोघांनीच खाल्ला.

सोमवारी गोकुळने फेंडर घेतला. घासून, पुसून, पहिला हात मारला आणि उजेडात धरला. मग तो फेंडर घेऊनच सुकदेवच्या शेडमध्ये आला.

"यावर काय भरू मी?"

"काय झालं?"

"काही झालं नाही, तेच विचारतो. पुट्टीचा डबा उघडला तो तसाच बंद केला." त्याने फेंडरच्या आतल्या दुमडीत बोट घातलं आणि पांढरं झालेलं बोट दाखवलं. "आणि हे शू छे? गव्हाची पुट्टी काढली काय नवी?"

सुकदेवच्या ओठावर खरं उत्तर आलं होतं. पण गोकुळ पुढे म्हणाला, "हात परत आला तुमचा. देवाची कृपा." त्याचा आवाज इतका मोकळा होता, इतका सुटल्यासारखा, की सुकदेव नुसता हसला. वीस वर्षांचं कौतुक होतं ते. सहा महिन्यांनी परत मिळत होतं. त्याने ते घेतलं.

घेतलं आणि दिवसभर ते त्याला पत्र्याच्या किसासारखं टोचत राहिलं. तळव्यात टोचलं नसतं. आत कुठेतरी टोचत होतं.

मंगळवारी चार वाजता नलिनीबाई आल्या. रंग वाळला होता. फेंडर बसवायचा बाकी होता. बाई स्टुलावर बसल्या. गोकुळ आपला रंग उजेडात कसा दिसतो ते बघायला उंबऱ्याशी उभा राहिला.

बसवणं म्हणजे काढण्याचं उलटं. सुकदेवने फेंडर जागेवर धरला. दिव्याची वायर जोडली. पुठ्ठा समोर ठेवला. पहिला बोल्ट पहिल्या घरी. दुसरा दुसऱ्या. नवा रंग खरवडू नये म्हणून तो जपून चालला होता. सात बोल्ट हाताने लागले, अर्धे आवळून झाले.

पुठ्ठ्यावर एक उरला.

आठवा बोल्ट पान्याने लावता येत नाही. फटीत बोटाने न्यावा लागतो, भोकावर धरावा लागतो आणि आटे नीट धरलेत हे बोटाला कळल्यावरच फिरवावा लागतो. तिरका गेला तर भोकाचे आटे मरतात, ते कायमचे. दिवा आणि चिमटा इथे उपयोगाचे नव्हते. फेंडर जागेवर आला की फटीत दोन बोटांपुरतीच जागा राहते.

त्याने बोल्ट बोटांत धरला. धरलाय की नाही, ते बघून ठरवलं. बोटं फटीत गेली आणि दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने आत कुठेतरी बोल्ट पडला. त्याने तो चुंबकाने काढला. पुन्हा नेला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा भोकापाशी गेल्यासारखा वाटला. त्याने फिरवायला सुरुवात केली आणि थांबला. तिरका आहे की सरळ, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

बाई बघत होत्या. गोकुळही बघत होता. त्याचा कालचा मोकळेपणा आता गेला होता. नजर सुकदेवच्या हातावरून हलत नव्हती.

सात बोल्टांवर फेंडर राहतो. रस्त्याने जाताना कुणाला कळत नाही. सुकदेवला हे माहीत होतं. "झालं, बाई" म्हणून दार लावायचं, एवढंच करायचं होतं. बाई डहाणूला जाऊन आल्या असत्या. वर्षभराने खडखड वाजलं असतं, तेव्हा बाईंनी खड्ड्यांना दोष दिला असता.

त्याने हात बाहेर काढला. बोल्ट पुसला.

मागच्या दाराकडे तोंड करून त्याने हाक मारली. "चिमा, जरा ये इकडे."

चिमाबाई आली ती पदराला हात पुसतच आली. बाईंना पाहून तिने पदर सारखा केला. "बाई, कव्हा आल्या?"

"ते नंतर," सुकदेव म्हणाला. त्याने बोल्ट तिच्या हातावर ठेवला आणि फट दाखवली. "आत, वरच्या अंगाला भोक आहे. सुईत दोरा घालतेस तसं. आटे धरले की तुला कळेल. तिरका वाटला तर उलटा फिरव."

"उजवीकडे फिरवू?"

"उजवीकडे."

चिमाबाईने बांगड्या कोपराकडे सारल्या. बोटं आत गेली. तिने डोळे मिटले. सुकदेवने ते पाहिलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"सापडनं," ती म्हणाली. थोडं फिरवलं, मागे घेतलं, पुन्हा फिरवलं. "आता घट्ट होत चाललाय."

"बस. पुढे मी पान्याने आवळतो."

त्याने आवळला. दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. फट वरून खाली सारखी होती. नलिनीबाई उठल्या. त्यांनी फेंडरवरून हात फिरवला. शिक्षिकेचा हात, वहीवर फिरावा तसा.

"सुकदेवभाऊ, तुमच्या हाताला तोड नाही."

"हात माझा नाही, बाई." सुकदेव म्हणाला. "माझी बोटं गेलीत. साखरेने. सहा महिने झाले. शनिवारी काढताना हा वरचा कोपरा माझ्याकडून मुडपला, तुमच्या गेटने नाही. तोही सरळ केलाय. ठोकला मी. कुठे ठोकायचं ते हिने सांगितलं."

बाईंनी चिमाबाईचा हात आपल्या हातात घेतला आणि उलटा करून तळवा पाहिला. तळव्याच्या रेषांत पीठ होतं.

"मनीषाला हे माहीत आहे?"

"नही," चिमाबाई म्हणाली.

"आज फोन करा. नर्स आहे ती, तिला विचारा काय काळजी घ्यायची. आणि सुकदेवभाऊ, चुलीजवळ बसू नका. भाजलेलं कळणार नाही तुम्हाला."

"तेच सांगत असते मी," चिमाबाई म्हणाली, जरी तिने ते कधीच सांगितलं नव्हतं.

गोकुळ अजून उंबऱ्यात होता. तो दोनदा खाकरला. मग म्हणाला, "म्हणजे गव्हाचीच पुट्टी होती."

चिमाबाई हसली. सुकदेवही हसला. हसून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की सहा महिने तो गोकुळच्या कोटीवर हसलाच नव्हता.

बाई गाडी घेऊन गेल्या. गोकुळ मात्र हलला नाही. त्याने पायाने जमिनीवरची क्लिप इकडून तिकडे सरकवली.

"भाभी, माझ्याकडे एक दरवाजा आहे. नरोलीच्या पार्टीचा. दुसऱ्या कुणी ठोकलाय, पार वाट लावलीय. जरा हात फिरवून सांगाल, कुठे कुठे आहे ते?"

चिमाबाईने सुकदेवकडे पाहिलं नाही. "आता नाही. उद्या अखाजी. माझे अकरा घरांचे मांडे आहेत."

"मग परवा?"

"परवा बघू."

"सुकदेवभाई, तुम्ही तरी सांगा. पार्टी घाई करते. केव्हा होईल?"

सुकदेव पुठ्ठ्यावरची पेन्सिलची रेघ फडक्याने पुसत होता. पुठ्ठा चांगला होता, आणखी एका गाडीला चालला असता.

"मला काय विचारतोस," तो म्हणाला. "तिला विचार."